सहीच्या जागेवर अंगठा

साहेबांनी आधी टिशू पेपर घेतला. मग त्या टिशूत आईचं मनगट धरलं आणि तिचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. कुणाचं उष्टं ताट उचलावं तसं.

नारायण पेठेतलं नोटरीचं ऑफिस. वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर पेन्शन आईला मिळायची होती. कारखान्याच्या कागदांत तिचं माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. दोन्ही नावांची बाई मीच, एवढंच तिला शपथेवर सांगायचं होतं. साहेबांनी आमचं आडनाव वाचलं, आईकडे एकदा पाहिलं आणि पॅड पुढे ओढलं. सही येते का, हे विचारलंसुद्धा नाही.

आईला सही येते. मी चौथीत असताना क्वार्टरच्या फरशीवर खडूनं शिकवली होती. भाकरी थापता थापता ती परातीतल्या पिठातही गिरवायची.

मी म्हणाले, "आई सही करते."

"करत असतील हो. पण त्यांचं पहिलं अक्षर होईस्तोवर आमचं ऑफिस बंद व्हायचं."

मागे बसलेले हसले. आईही हसली.

तोवर अंगठा उमटला होता, शिक्काही बसला होता. 'माझ्यासमोर शपथ घेतली', असं साहेबांच्या नावानं त्यावर छापलेलं. आईनं तोंडही उघडलं नव्हतं. साहेब हाताला सॅनिटायझर चोळत होते.

"कसली शपथ घेतली तिनं? निदान वाचून तरी दाखवा."

"अहो ताई, इथे कीर्तन नसतं. कागद घ्या आणि निघा."

मला किळस आली. त्या टिशूची, खोट्यावर मारलेल्या त्या शिक्क्याची. आणि दरवेळी 'असू दे' म्हणत घरी परतणाऱ्या आमचीसुद्धा. मी कागद उचलला आणि त्यांच्यासमोर फाडला.

"फाडा. पेन्शन तुमचीच अडणार आहे," साहेब म्हणाले.

खरंच होतं ते. आईच्या गोळ्याही त्याच पेन्शनमधून यायच्या होत्या. बसस्टॉपवर ती पदरानं अंगठा पुसत राहिली. शाई जाईना. आता बोलणी खावी लागणार, असं मी धरून चालले होते.

मग पदर सोडून ती म्हणाली, "उद्या दुसरीकडं जाऊ. पेन आपलं नेऊ."

अडू दे पेन्शन. ज्या टेबलापुढे बसू, तिथे आधी शपथ मोठ्यानं वाचायला लावीन. मग आई सही करील, लागेल तेवढा वेळ घेऊन. मागचे खोळंबतील. खोळंबू देत. माझ्या आईचा अंगठा आता कुणाला मिळणार नाही.