खांबाजवळची जागा

प्रिय ईरा आणि निहार,

मागच्या रविवारी फोनवर निहार मला म्हणाला, "आजी, डेव्हन डावीकडे कधीच वळत नाही. हे फक्त माझ्या लक्षात आलंय. कोणाला सांगू नकोस." तुमच्याकडच्या त्या फुटबॉलमध्ये पायाचं काम थोडं आणि हाताचं जास्त, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. पण चेंडू बगलेत दाबून पळायला आधी कोण उतरणार, आपण की आपला मित्र डेव्हन, या विचाराने निहारची झोप उडाली आहे, हे मात्र नीट कळलं. मी 'जेवलास का?' असं विचारून विषय बदलला. त्या फोनच्या पाच आठवडे आधी माझी मैत्रीण नीलव्वा दुधनीला वारली होती. तिची एक गोष्ट मी पन्नास वर्षांत कोणालाही सांगितलेली नाही, तुमच्या आईलासुद्धा. ती आता लिहिते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, मुलींना 'जसं घडलं त्या क्रमाने लिहा' असं सांगत आले. तसंच लिहीन, आणि जे मला समजलं नाही ते समजलं नाही असंच लिहीन.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही दोघी सोलापुरात मुलींच्या शाळेत अकरावीला होतो. नीलव्वाचे वडील दुधनीचे आडत व्यापारी. घरात कानडी, दुकानात मराठी. शिकायला म्हणून तिला शुक्रवार पेठेत मावशीकडे ठेवलं होतं आणि आमचं घर त्याच बोळात होतं. शाळेत ती नीला. उंच, काळीसावळी, आणि चालताना पायांचा आवाज न करणारी. वर्गात तिला इंग्रजी वाचायला उठवलं की घाम फुटायचा, मग मी खालून शब्द पुरवायची. मैदानावर मात्र मी तिच्याकडे नुसती बघत राहायची.

आमचा खेळ खो-खो. तुम्ही तो पाहिलेला नाही म्हणून थोडक्यात सांगते. दोन टोकांना दोन खांब, मध्ये सरळ रांगेत एका संघाच्या आठ मुली बसतात, एक या बाजूला तोंड करून, दुसरी त्या बाजूला. नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तीन मुली पळत असतात. पळणारीला रांगेतल्या फटींतून इकडून तिकडे जाता येतं, पाठलाग करणारीला येत नाही. तिला बाजू बदलायची असेल तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणायचं. मग ती बसलेली उठते आणि पुढचा पाठलाग ती करते. बसलेल्या मुलीला मागचं काही दिसत नाही. पाठीला हात लागला की उठायचं आणि धावायचं, एवढंच तिला ठाऊक असतं.

त्या वर्षी अंतिम सामना आमच्याच मैदानावर होणार होता आणि त्यातून जिल्ह्याचा संघ निवडला जाणार होता. पहिल्या तिघींत उतरणं फार महत्त्वाचं होतं. आमच्या खेळाच्या इनामदारबाई म्हणायच्या, "निवडीला येणारे पाहुणे पहिल्या तिघी बघतात आणि मग चहाला उठतात. दुसऱ्या तुकडीला फक्त देव बघतो." दोघींच्या जागा ठरलेल्या होत्या. तिसरी जागा माझी की नीलाची, एवढंच ठरायचं होतं. मला ती जागा मानासाठी हवी होती. नीलाचं तसं नव्हतं. तिच्या वडिलांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, जिल्ह्याच्या संघात नाव आलं तर कॉलेजला ठेवीन, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. मुलगा बघून झाला होता.

सरावाची वही माझ्याकडे असायची. कोण किती वेळ टिकली ते मी लिहायची आणि प्रत्येकीच्या पळण्याची वाट पेन्सिलीने काढून ठेवायची. नीलाची रेघ काढता काढता माझ्या लक्षात आलं की दक्षिणेच्या खांबाजवळ, शेवटची मुलगी आणि खांब यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यातून ती कधीच जात नाही. तिथवर सुसाट यायची आणि अगदी पुढ्यातून मागे वळायची. एके दिवशी संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला, बाकीच्या मुली पाणी प्यायला गेल्या, तेव्हा मी तिला विचारलं.

"नीले, खांबाजवळून का जात नाहीस गं?"

"तितं बसलीय की कुणीतरी," ती वेणी घट्ट करत म्हणाली.

"आठच बसतात. नववी पळते."

"मला मोजता येतंय, सुमे. गणितात तुझ्यापेक्षा दोनच मार्क कमी हायत." ती हसली. मग आवाज खाली करून म्हणाली, "पाठ करून बसलीय. तिला कुणी खो देत न्हाय. लई दिवस झाले असतील... आपण वाट सोडून जायाचं. पाय लागला तर उठंल की ती."

मी त्या जागेकडे पाहिलं. माती होती, फक्कीची रेघ होती, ऊन होतं. बाकी काही नव्हतं. मी हसले आणि तिची चेष्टाही केली. पण रात्री वही उघडून त्या फटीवर एक बारीक फुली मारून ठेवली.

सामन्याच्या आदल्या दिवशी, तिसरी जागा ठरवायला, बाईंनी मला पाठलागाला उभं केलं आणि नीलाला एकटीला पळायला सांगितलं. उत्तरेकडे मी तिच्या मागे लागलेच नाही. खो देत, परत घेत, बाजू बदलत तिला हळूहळू दक्षिणेकडे ढकलत नेलं. शेवटी ती त्या फटीच्या समोर आली आणि मी तिच्यापासून चार पावलांवर होते. आत शिरली असती तर सुटली असती, मला खांबाला वळसा घालावा लागला असता. ती थांबली. मुली ओरडत होत्या, "अगं जा की, जा की!" नीलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती खाली त्या मोकळ्या जागेकडे बघत होती, आणि दाटीवाटीत बसलेल्या बायकांमधून वाट काढताना आपण करतो तसा एक हात तिने जरासा पुढे केला होता... मी तिच्या खांद्याला हात लावला.

हात धुताना ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "तुला ठाऊक होतं, सुमे."

"खेळ आहे गं हा."

"व्हय, खेळ हाय," ती म्हणाली. "मग उद्या तू जा तिथनं."

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात मी पहिल्या तिघींत उतरले. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. सुरुवातीला मी छान पळाले, हे खोटा विनय न दाखवता सांगते. मग समोरच्या संघातली एक ठेंगणी, चपळ मुलगी मागे लागली आणि तिने मला दक्षिणेकडे रेटलं. मोकळी फट समोर दिसत होती. मी आत शिरले, आणि माझा गुडघा कुणाच्या तरी पाठीला लागला.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. माणसाची पाठ होती ती. कण्याचं हाड मला लागलं. गार होती, सावलीत पडलेल्या दगडासारखी. आणि माझा धक्का लागताच ती उठू लागली... खो मिळाल्यावर मुली एका हाताचा टेकू घेऊन उठतात ना, तशी. मी मागे पाहिलं नाही. माझ्यामागे अनवाणी पावलं वाजत होती आणि ती त्या ठेंगण्या मुलीची नव्हती, कारण ती मला डोळ्यांसमोर, रांगेपलीकडे उभी दिसत होती. मी सरळ धावत सुटले ते मैदानाची रेघ ओलांडून पार कडुलिंबापर्यंत. बाहेर गेलेली मुलगी बाद. कोणीही मागे नसताना मी पळून गेले, असं सगळ्यांनी पाहिलं.

"काय झालं गं तुला?" बाई धावत आल्या.

"पाय मुरगळला," मी म्हणाले.

नीला दुसऱ्या तुकडीत होती, उतरण्याच्या तयारीत उभी. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "उठली का गं ती?"

"कोण उठली? काही नव्हतं तिथे. पाय मुरगळलाय म्हटलं ना!"

तिने माझ्या पायाकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, झाडाकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाली.

पहिल्या तिघी बाद झाल्या आणि नीला मैदानात गेली. ती पळाली ते मी कधी विसरणार नाही. दक्षिणेच्या खांबाशी आली आणि त्या फटीतून सरळ आत गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली, जशी काही तिथे पहिल्यापासून मोकळी वाट होती. वेळ संपेपर्यंत ती कुणाच्या हाताला लागली नाही. मुलींनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या. पाहुणे चहाला गेले होते.

जिल्ह्याच्या संघात तिचं नाव आलं नाही. माझंही नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, दुधनीतच, शरणप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या घरी. निरोप द्यायला मी गेले तेव्हा ती मेंदीच्या हातांनी मला पेढा भरवत होती, आणि मी नेलेल्या साडीचं कौतुकही तीच करत होती. घरी परतून मी ती वही उघडली. सगळ्या मुलींच्या रेघांची पानं सुटी करून एकावर एक धरून, खिडकीच्या काचेला लावून पाहिल्या. त्या फटीतून एकीचीही रेघ गेलेली नव्हती. सगळ्या तिथे येऊन वळल्या होत्या. माझीसुद्धा. आपण का वळतो हे एकट्या नीलाला ठाऊक होतं, एवढाच काय तो फरक.

इथवर जे झालं ते सोळा वर्षांच्या मुलीकडून झालं असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही. चार-पाच वर्षांनी, मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, तेव्हा एका दुपारी शरणप्पा आमच्या दारात उभे राहिले. धोतर, डोक्यावर टोपी, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. कितीतरी वेळ पावसापाण्याचं बोलले. मग पिशवीची गाठ चाचपत म्हणाले, "ताई, एक इचारायचं होतं. रागावू नका. आमची ही रानात जाताना दोन ठिकाणी वळसा घालती. कुणीतरी बसलंय म्हणती. बाया हसत्यात. आई म्हणती, देवऋषाकडं न्या. ती म्हणती, सुमनला इचारा, तिला लागली होती. ती शिकलेली हाय, ती खोटं बोलायची न्हाय."

घरात माझ्या सासूबाई होत्या. शेजारच्या खोलीत तुमचे आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. मी त्या घरची शिकलेली सून होते. मी म्हणाले, "नाही हो, तसं काही नव्हतं. नीला हुशार आहे, पण लहानपणापासून तिच्या मनात काहीबाही येतं."

"आसं व्हय..." ते म्हणाले. चहा अर्धा ठेवून उठले. डाळीची पिशवी तशीच ठेवून गेले.

तिला देवऋषाकडे नेलं, असं नंतर तिच्या मावशीकडून कळलं. काय केलं ते मी विचारलं नाही. पुढे लग्नाकार्यात आमच्या भेटी होत राहिल्या. ती माझ्याशी भरभरून बोलायची, पोरांचं, डाळिंबाच्या रोपांचं, गुडघेदुखीचं. त्या गोष्टीचं मात्र तिने पुन्हा कधी नाव काढलं नाही, माझ्याकडे नाही आणि कुणाकडेही नाही. गावात तिला खुळी म्हणायचे, ते तिने मान्य करून टाकलं होतं. आणि मी? सिनेमाला गेले की शेवटच्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसते, यावरून तुमची आई मला हसते. त्याचं कारण माझ्याकडे होतं, ते मी तिला कधी सांगितलं नाही.

निहारच्या फोनच्या पाच आठवडे आधी तिच्या मुलीचा, राजश्रीचा फोन आला. "मावशी, आई गेली. दुपारी माती हाय, येताय का?" मी गाडी करून गेले. त्यांच्या लिंगायत समाजात मृताला निजवत नाहीत, बसवूनच पुरतात. सोप्यात भिंतीशी नीलव्वाला मांडी घालून बसवलं होतं, कपाळाला विभूती, तळहातावर लिंग. चेहरा शांत होता. मी आत स्वयंपाकघरात गेले. राजश्री पाहुण्यांसाठी पाण्याचे तांबे भरत होती. तिला म्हणाले, "तुझी आई खरं सांगत होती. तिथे कुणीतरी होतं. माझा गुडघा लागला होता तिला. तुझ्या वडिलांना मी खोटं सांगितलं."

तिने तांब्या खाली ठेवला नाही. भरून काठोकाठ झाला, पाणी हातावरून सांडलं, तरी तिचं लक्ष माझ्याकडेच. "आता सांगताय व्हय, मावशी?" ती म्हणाली. "बाबा दहा वर्षांमागं गेले. आई बाहेर बसलीय. कुणाला सांगू मी हे?"

बाहेर भजनाचा आवाज वाढला. नीलव्वाला फुलांनी सजवलेल्या विमानात, त्यांच्या पालखीसारख्या मखरात, बसवून अंगणात आणलं. गर्दीत रेटारेटी झाली आणि मी नेमकी तिच्या मागे येऊन उभी राहिले. समोर तिची पाठ होती. हात पुढे केला असता तर लागला असता. सगळे तिच्या पाया पडत होते, मला कोणी अडवलं नसतं... मी दोन्ही हात पदरात धरून ठेवले.

त्यांच्याच शेतात, तुरीच्या कडेला, तिला समाधी दिली. शाळेच्या मैदानावर आता इमारत आहे. वही माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. नीलव्वा दुधनीच्या त्या शेतात बसलेली आहे.

तुमची,
आजी