उजेड बाहेर सोडणाऱ्या खिडक्या

काका बोलण्याआधी बोटाच्या पेराने खिडकीची चौकट वाजवीत आणि म्हणत, "ठीक आहे, लाकूड अजून जिवंत आहे." पनवेलला आमच्या आळीत ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे, जुनी माणसे त्याला इस्रायलांची मशीद म्हणतात. काका तिथले देखभाल करणारे. मूळचे जवळच्या आपटा गावचे, हाडाचे सुतार.

मंदिराला बारा खिडक्या. परंपरा तशी, आणि खिडकी नसलेल्या जागेत प्रार्थना करू नये, हा त्यांचा दंडक. पश्चिमेची खिडकी सर्वांत मानाची, कारण जेरुसलेम त्या दिशेला. नेमकी तिच्यासमोरच शेजारच्या जमीनमालकाने भिंत चढवायला घेतली.

मी पेशाने वकील; माझा संताप आपण समजू शकाल. वीस वर्षे अखंड उपभोगलेला प्रकाश हा सुखाधिकार ठरतो, असे प्रतिपादन करणारी अकरा पानी नोटीस मी तयार केली. काकांनी ती चष्मा पुसून वाचली.

"साहेब, भाषा झकास. पण उजेड उलटा लिहिलात."

"म्हणजे काय?"

"शलमोन राजाच्या मंदिराच्या खिडक्या आतून अरुंद, बाहेरून रुंद होत्या म्हणतात. उजेड आत घ्यायला नव्हे, बाहेर सोडायला."

"काका, उजेड घेण्याचा हक्क कायद्यात आहे. देण्याचा कोणत्याही कलमात नाही."

"मग घाला की एक. तुम्हाला काय जड आहे?"

नोटीस तीन दिवस थांबवा, असे सांगून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी त्यांनी मला आत नेले आणि पश्चिमेच्या खिडकीत शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचे, खोबरेल तेलाचे दिवे लावले. तेवढ्यात अर्ध्या भिंतीपलीकडून, रचलेल्या विटांवर चढून, जमीनमालकाच्या वृद्ध आईने डोके वर काढले. लग्न होऊन आल्यापासून दर शुक्रवारी त्या हे दिवे पाहूनच तुळशीपाशी वात लावीत.

"बाबा, तुमचा दिवा दिसत नाय. शुक्कारची सांज झाली ते मी कसं समजू?"

"माई, ते तुमच्या मुलाला विचारा," काका म्हणाले.

"त्याला इचारते. तुमी दिवा हलवू नका."

रविवारी भिंत उतरली आणि चार हात मागे, कमरेइतकीच उभी राहिली. माझी नोटीस तशीच राहिली. प्रकरण कायदेशीर मार्गाने मिटले नाही, हे मी अद्याप मान्य केलेले नाही.

गेल्या वर्षी काका मुलाकडे इस्रायलला गेले. किल्ली आता दुसऱ्या सद्गृहस्थांकडे आहे. परवा शुक्रवारी ते नऊ मिनिटे उशिरा आले. माई भिंतीशी वात घेऊन ताटकळत होत्या. "दिवा लावनार हाय का नाय तो?" त्यांनी मलाच जाब विचारला.

घरी येताच मी विश्वस्तांना पत्र लिहिले. विषय: उजेड बाहेर सोडण्यात झालेली अक्षम्य दिरंगाई.