पहिला रकाना

टाळीताईंची टाळी शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जायची. विशेष मुलांच्या त्या शाळेत त्या नऊ वर्षं मानसिक आरोग्य सहायक होत्या. पदाचं नाव लांबलचक, काम सरळ: मूल बिथरलं की त्याच्याजवळ बसायचं आणि ते का बिथरलं हे शोधून काढायचं. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं.

फक्त चिमणीपुढे त्यांनी हात टेकले होते. आठ वर्षांची पोर, बोलणं मोजकंच. शांतपणे मणी ओवता ओवता एकदम किंचाळायची, टेबल उलथवायची, स्वतःच्याच मनगटाला चावायची. गेल्या आठवड्यात शेजारच्या मुलाला खोक पडली, तेव्हा या शुक्रवारी बैठक ठरली. चिमणीला शाळेत ठेवायचं की घरी बसवायचं?

ताईंच्या वहीत प्रत्येक प्रसंगाला तीन रकाने असत: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, मग काय झालं. चिमणीचे चौदा प्रसंग होते आणि पहिल्या रकान्यात चौदाही वेळा एकच नोंद होती. 'काही नाही. छान चाललं होतं.'

सोमवारी कपाटाच्या दारात ताईंचा हात चेंगरला. तीन दिवस हाताला पट्टी होती, आणि तीन दिवस चिमणी शांत.

"तुमची दया आली असेल तिला," शिपाईमामा म्हणाले. ताईही हसल्या.

गुरुवारी पट्टी निघाली. चिमणीने माळ पुरी केली, ताईंनी सवयीने "शाब्बास!" म्हणत कडाडून टाळी वाजवली, आणि टेबल उलथलं.

मणी गोळा करता करता ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. छान चाललं होतं म्हणूनच तर दर वेळी टाळी वाजली होती! साऱ्या जगाचं वहीत लिहिलं, आणि स्वतःला तेवढं वगळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी पेन उघडलं आणि चौदाही नोंदी खोडून तिथे लिहिलं, 'मी टाळी वाजवली.'

बैठकीत मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "म्हणजे चूक तुमची?"

"माझीच. आणि निस्तरणारही मीच. एक महिना द्या. तिला नको, मला द्या."

"नाही जमलं तर?"

"न जमायला काय झालं? पोर शहाणीच आहे बाई, गाढवपणा माझा होता."

चिमणीची आई रडायलाच लागली. "ताई, घरीसुद्धा आम्ही टाळ्या वाजवतो हो. तुमचं बघूनच."

"आजपासून बंद," ताई म्हणाल्या. "दोघींच्याही."

महिना मिळाला.

सोमवारी चिमणीने शेवटचा मणी ओवला. ताई स्वतःच्या तळहातांवर बसल्या होत्या, बोटांना मुंग्या आल्या होत्या. चिमणीने खांदे आवळून त्यांच्याकडे पाहिलं, वाट पाहिली. काहीच वाजलं नाही. तेव्हा तिने माळ बाजूला ठेवली आणि दुसरा दोरा उचलून ताईंपुढे धरला.

"अजून," ती म्हणाली.