आवडेल ते खा

आमच्या गल्लीतले डॉक्टर पथ्याला लई कडक. सर्दी झाली तरी लोणचं बंद, पाय मुरगळला तरी तांबडा रस्सा बंद. 'पायाचा अन् रश्श्याचा काय संबंध?' असं कुणी विचारलंच, तर चष्म्यावरनं असं बघायचे की माणूस गप्प. पथ्य ते एकाच वेळेला उठवायचे. माझ्या वडिलांचं लिव्हर गेलं तेव्हा बेसिनला हात धूत म्हणाले, "आता आवडेल ते खाऊ दे." आई तिथंच मटकन खाली बसली. त्या बोलण्याचा अर्थ सगळ्या गल्लीला ठाऊक होता.

पुढं लग्न करून मी त्याच गल्लीत नांदायला गेले. गेल्या वर्षी माझ्या मालकांना एचआयव्ही निघाला. कसा, ते आमचं आम्ही भांडून घेतलं. माझी तपासणी चांगली आली. सरकारी दवाखान्यातनं त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, पण त्या लागू पडायला वेळ जाणार होता. तिथल्या समुपदेशक बाई मला म्हणाल्या, "लागण होऊ नये म्हणून तुम्हालाही रोजची गोळी घेता येते. डॉक्टरांकडून लिहून घ्या." मला संसार मोडायचा नव्हता आणि मरायचंही नव्हतं. गेले की आपल्याच डॉक्टरांकडं.

"पोरी, ती गोळी तसल्या बायकांसाठी," डॉक्टर म्हणाले. "तू घरंदाज. मी लिहून दिली तर मेडिकलवाला काय म्हणेल?"

"मेडिकलवाल्याला काय व्हायचं न्हाय. मला व्हईल!"

"नवरा-बायकोत आज ना उद्या होतंच ते." माझा चांगला रिपोर्ट त्यांनी न वाचताच परत सरकवला, उठले आणि बेसिनला हात धुवायला लागले. मला तर त्यांनी हातही लावला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पथ्य काय?"

"पथ्य काही नाही. आवडेल ते खा."

मी रिपोर्ट उचलला. बाहेरच्या बाकड्यापर्यंत फक्त एक पडदा. तो सारून आले तर बाकड्यावरच्यांनी सगळं ऐकलेलं, आणि मला वाट द्यायला सगळ्यांनी पाय आत घेतले.

दुसऱ्या दिवशी सण ना वार, सासूबाईंनी पुरण घातलं. शेजारीण बासुंदी घेऊन आली, पलीकडची खरवस. कुणी बसेना. भर दुपारी दारात उभ्या राहून मी घास कसा गिळते ते बघत होत्या. जन्मात माझ्याशी सरळ न बोललेल्या सासूबाई हळू आवाजात विचारायच्या, "उद्या काय करू, बाळ?"

"आत्ती, मला काय झालेलं न्हाय वो!"

"व्हय बाळ, व्हय," म्हणून पोळीवर आणखी तूप.

त्या 'बाळ'ची मला भीती वाटायला लागली. आरशासमोर उभी राहून मी स्वतःचीच नाडी चाचपायची. कधी कधी ती सापडायची नाही, आणि मग हातपाय गार पडायचे.

शेवटी समुपदेशक बाईंनी जयसिंगपूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. त्यांनी आधी माझा हात हातात घेतला. रक्त पुन्हा तपासलं, किडनीची तपासणी करून घेतली. रिपोर्ट आल्यावर गोळी लिहून दिली. रोज घ्यायची, चुकवायची नाही, निरोधही वापरायचा, असं नीट समजावलं. उठता उठता मी घाबरतच विचारलं, "पथ्य?"

"पित्त आहे तुम्हाला. लोणचं बंद. तिखट कमी करा."

मी हमसाहमशी रडायला लागले. त्या गोंधळल्याच. "अहो, थोडं खाल्लं तर चालेल लोणचं."

"नको, नको! बंदच करा डॉक्टर!"

संध्याकाळी सासूबाईंनी ताट वाढलं, कडेला कैरीचं लोणचं. मी ते बाजूला सारलं. "आत्ती, मला पथ्य सांगितलंय."

त्या पळी हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या. मग तिथंच मटकन बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "मग आधी सांगायचं न्हाय व्हय गं, सटवे!"