जवाईबापूंचा पहिला मान

जावयाला चार मजले उंचीवरून खाली ढकलायचा माझा मुळीच विचार नव्हता. मला फक्त त्याचा मान ठेवायचा होता.

धोंड्याचा महिना होता. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचे जावई निखिलराव अकोल्याहून अमरावतीला धोंडे जेवायला आले होते. (धोंडे म्हणजे पुरणाने गच्च भरलेले गोळे.) बायकोने त्यांना इतकं खाऊ घातलं की दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, यायले वॉटर पार्कले नेऊ. जरासे हलतीन तरी!"

मी हसत हसत हो म्हणालो आणि आतून गारठलो. स्टुलावर चढून पंखा पुसतानासुद्धा मला चक्कर येते! हे फक्त बायकोला ठाऊक. जावयाला तर मी चिखलदऱ्याच्या कड्यावर पाय सोडून बसल्याच्या गोष्टी रंगवून सांगितलेल्या! आज बिंग फुटलं की अकोल्यापर्यंत बोभाटा.

पण डोकं चाललं. जावयाला पुढे घालायचं आणि तो घसरला की आपण गुपचूप जिन्याने खाली. कोण बघतंय?

सगळ्यांत उंच घसरगुंडीच्या टोकावर पोहोचलो. भाड्याची नायलॉन चड्डी मी दोन्ही हातांनी घट्ट धरली. तरी छाती काढून म्हणालो, "जवाईबापू, पयला मान तुमचा!"

निखिलरावांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नाही नाही, बाबा! मोठ्या मानसाच्या आंदी मी कसा बसू? पयले तुमी."

"धोंड्याचे पाहुणे तुमी!"

"वडील तुमी!"

मागची रांग जिन्याच्या पायथ्यापर्यंत गेली. कुणीतरी ओरडलं, "ओ काका, काहून थांबून राह्यले? वर पंगत बसली काय?"

शिट्टीवाला रखवालदार वैतागला. "दोघंबी एकाच ट्यूबमंदी बसा! जड मानूस मांगं!"

बायकोच्या धोंड्यांनी निकाल आधीच लावला होता. निखिलराव मागे, मी पुढे! त्यांचे दोन्ही पाय माझ्या बगलांखालून पुढे आले. मी "थांबा, माझा चष्मा..." म्हणेपर्यंत रखवालदाराने ढकललंच.

पहिल्या वळणावर पोट मागे राहिलं. दुसऱ्यावर कुलदैवत आठवलं, तिसऱ्यावर त्याचं नावच विसरलो! हाताला लागले ते जावयाचे पाय. ते मी असे कवटाळले की निखिलराव किंचाळले, "बाबा, पाय सोडा! पाप लागते मले!"

"नाही सोडत! मरून जाईन, पन नाही सोडत!"

धप्पकन तलावात पडलो. ट्यूब एकीकडे, चष्मा दुसरीकडे आणि गुडघाभर पाण्यात डोळे मिटून मी तसाच! काठावरून बायको कडाडली, "अवो, आता तरी सोडा त्या लेकराचे पाय! लोकं पाहून राह्यले!"

शरमलेल्या निखिलरावांनी घरी आईला एवढंच सांगितलं, की सासऱ्यांनी पाय धरले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. तेव्हापासून अकोल्यात माझं नाव आदराने घेतलं जातं. असा मान देणारा सासरा मिळायला पुण्य लागतं, असं विहीणबाई गल्लीभर सांगतात.

अमरावतीत मात्र मुलीने काढलेला व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला आहे. आवाजासकट!