तुळशीचं घाईचं लगन

राम राम मंडळी. मी बोलून राहिली अन् सूनबाई टाइप करून राहिली.

माही नात मंजू बाळंतपणाले अकोल्याहून आमच्याकडे आली. अंगात रक्त कमी. डॉक्टरीणबाई म्हणे, लोहाच्या गोळीसंग व्हिटॅमिन सी पायजे, तरच गोळी अंगाले लागते. आज बाजारात मेळघाटातले रानआवळे दिसले. गोटीएवढे, पण आंबटढाण! पावशेर आणले.

सूनबाई आडवी आली. "आई, तुळशीचं लगन लागल्याशिवाय आपल्यात आवळा खात नाहीत. थांबा थोडं."

"पोटातलं लेकरू थांबते काय व?"

मंजूले आवळा पायजे होता, पण भेवही वाटे. रीत मोडली अन् लेकराले काही झालं तर?

मंग मी बाळकृष्ण उचलला, तुळशीपाशी ठेवला. मंजूच्या ओढणीचा अंतरपाट केला, येतात तेवढी मंगलाष्टकं म्हटली.

शेजारची शेवंता ओरडली, "काहून व बुढे, एवढी घाई?"

म्हटलं, "पोरगी पळून जाऊन राहिली होती!"

मंजू खदखदून हसली. मीठ लावून दोन आवळे कच्चेच खाल्ले. सूनबाई फुगलेलीच होती, पण तिसरा आवळा तिनंच कापून देल्ला.

तुमच्या घरी पोटुशी पोरीसाठी कोणती रीत वाकवली, सांगा बरं.