साहेब, आडवे व्हा

पूर्णा जंक्शनात चौतीस वर्षं पॉइंट्समन म्हणून काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर काय करतो? बहुतेक जण रोज सकाळी स्टेशनावर जाऊन गाड्या वेळेवर येतात का ते बघतात आणि येत नाहीत म्हणून समाधानाने घरी परततात. सटवाजी मात्र योगशिक्षक झाले.

सुरुवात कमरेपासून झाली. डबे जोडायचे आणि सोडायचे, म्हणजे दिवसातून पन्नासदा वाकून दोन डब्यांच्या मधे शिरायचं. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल, नारळ आणि कमरेचं दुखणं मिळालं. शाल मुलीने नेली, नारळ फुटला, दुखणं तेवढं घरात राहिलं. त्यासाठी ते परभणीच्या दहा दिवसांच्या योगशिबिराला गेले. दुखणं थांबलं, पण सटवाजी थांबेनात. त्यांनी वर्षभराचा अभ्यासक्रम केला आणि बासष्टाव्या वर्षी परीक्षा देऊन प्रमाणपत्र आणलं. ते समोरच्या खोलीत लागलं, कॅलेंडरच्या जरा वर.

"घरात घागर उचला म्हणलं की कंबर धरतेत," त्यांच्या पत्नी कस्तुराबाई शेजारच्या गीताबाईंना सांगत, "अन् तिथं जाऊन पायाचा अंगठा नाकाला लावायलेत! लोक काय म्हणतील?"

लोक म्हणाले, आम्हालाही शिकवा.

कॉलनीच्या हॉलमध्ये सकाळी सहाचा वर्ग सुरू झाला. बावीस जण आले. चार-पाच बायका सोडल्या तर सगळे निवृत्त रेल्वेवाले, आणि तिथेच पहिली अडचण उभी राहिली. रेल्वेत हुकूम मिळाला की तो मोठ्याने परत बोलून दाखवायचा असतो, म्हणजे ऐकण्यात चूक होत नाही. ही सवय निवृत्तीबरोबर कार्यालयात जमा करून घेत नाहीत.

"श्वास घ्या," सटवाजी म्हणाले.

"श्वास घेतला!" हॉल दणाणला, आणि घेतलेला सगळा श्वास त्यातच खर्च झाला.

"आता रोखा."

"रोखला!"

"आवो, बोलू नका ना."

"बोलत न्हाई!"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांनी तरी श्वास कुठे रोखला होता?

दुसरी अडचण खुर्चीवर बसत असे. तिचं नाव बसवंतराव. निवृत्त स्टेशन मास्तर, वय सत्तर, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे आणि आवाज अजून दोन नंबरच्या फलाटापर्यंत जाणारा. चटई त्यांना मानवत नव्हती. ते हॉलमध्ये सर्वांत पुढे, सटवाजींच्या शेजारी आणि वर्गाकडे तोंड करून खुर्ची टाकत. सटवाजींनी काही सांगितलं की बावीस माना साहेबांकडे वळत. साहेबांनी मान डोलावली की मगच हात वर जात. नवा माणूस आला की साहेबांनाच गुरुजी समजून पाया पडे आणि साहेब आशीर्वादही देऊन टाकत.

"तुमी शिकवता का त्ये?" कस्तुराबाईंनी एकदा विचारलं.

"त्ये साहेब हाएत," सटवाजी म्हणाले.

"आता कशाचे साहेब? तुमच्यासारखीच पेन्शन खातेत."

हे पटत होतं, पण जिभेला पटत नव्हतं. साहेबांसमोर त्या जिभेला 'हो साहेब' एवढंच येत असे. एकदाच साहेबांनी त्यांना वेगळं काही शिकवलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रुळावर बैलगाडी अडकली आणि सटवाजी परवानगी विचारायला धावत ऑफिसात गेले. तरुण बसवंतराव टेबलावर हात आपटून ओरडले होते, "अरे येड्या, धोका दिसल्यावर मला काय विचारायलास? आधी गाडी थांबव! झेंडा नसला तर दोन्ही हात वर कर. मग ड्रायव्हर असो का जनरल मॅनेजर, त्याला थांबावंच लागतं."

नोव्हेंबरातली सकाळ होती. कपालभाती चालली होती. पोट आत मारून झटक्याने श्वास बाहेर टाकायचा. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी ही करू नये, असं सटवाजी रोज सांगत. साहेबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे हे साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं, कारण साहेब स्वतःच ते पदवी सांगावी तसं सांगत. पण नियम खालच्या स्टाफसाठी असतात, अशी त्यांची समजूत.

"काय पॅसेंजर चालवायलास सटवाजी!" साहेब म्हणाले. "आता एक्स्प्रेस घेऊ. माझ्या मागं या सगळे!"

आणि साहेब सुटले. फस्-फस्-फस्-फस्. हॉलही मागोमाग सुटला. सटवाजींनी शेजारी बघितलं. साहेबांचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता, भस्माचे पट्टे घामात विरघळून भुवयांवर उतरले होते आणि डोळे कुठे बघत होते कोण जाणे.

"साहेब, हळू," सटवाजी म्हणाले. एक्स्प्रेसला ऐकू गेलं नाही. "साहेब..."

मग ते उठले, साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पंजे उघडून डोक्यावर ताणले.

मागे बायकांना वाटलं, नवं आसन आलं. त्यांनीही हात वर केले. पण रेल्वेवाले जागच्या जागी थांबले, आणि साहेब, डोळ्यांपुढे धूसर दिसत असतानाही, मधल्या फसमध्येच थांबले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. आवाज फलाटापर्यंत सोडा, दारापर्यंतही गेला नसता.

"साहेब, खुर्ची सोडा. आडवे व्हा."

हॉलमध्ये बावीस माना यावेळी सटवाजींकडे वळलेल्या होत्या.

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "खुर्ची सोडतो," ते म्हणाले. "आडवा होतो."

आणि झाले. सटवाजींनी त्यांच्या डोक्याखाली स्वतःची चटई गुंडाळून ठेवली. पाऊण तासाने डॉक्टरांनी येऊन दाब मोजला, साहेबांना त्यांच्या वयाची आठवण करून दिली आणि कपालभाती बंद केली.

चार दिवसांनी साहेब परत आले. खुर्ची आणली नव्हती. ते तिसऱ्या ओळीत भिंतीजवळ बसले, आणि सटवाजींनी "श्वास घ्या" म्हटल्यावर "श्वास घेतला!" असा जो आवाज उठला, त्यात त्यांचा सर्वांत मोठा होता. माना मात्र आता कुणाच्या वळल्या नाहीत. सटवाजींनी त्या दिवशी साहेबांचा वाकलेला खांदा हाताने सरळ केला, दोनदा.

आडवं करण्याची हकीकत घरी पहिल्याच दिवशी पोचली होती, गीताबाईंमार्फत, थोडी वाढून. तरी कस्तुराबाईंनी ती नवऱ्याकडून ऐकून घेतली.

"अन् साहेब काय म्हणले?"

"आडवा होतो म्हणले."

"पुन्ना सांगा."

"आडवा होतो म्हणले."

त्यांनी सुपातल्या उरलेल्या शेंगा फोडून संपवल्या. मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, "माझा गुडघा लय दुखायलाय. त्येला हाय का काई तुमच्यात?"

"पाय लांब कर," सटवाजी म्हणाले.

"लांब केला," कस्तुराबाई म्हणाल्या. "पुढं बोला."